रविवारचा मासा

तक्रार घेऊन आलेला माणूस रागावलेला नव्हता, आणि तीच पंचाईत झाली. रागावलेल्या माणसाचं काय करायचं हे तिला पाठ होतं; पर्यटक माहिती कार्यालयात उभी हयात काढल्यावर ते अंगवळणी पडतं. खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, मान हलवायची आणि 'वर कळवते' म्हणायचं. हा मात्र दाराशी बूट झटकून आत आला, गळाच्या काठीची लांब पिशवी भिंतीला टेकवली, खिशातून चुरगळलेलं माहितीपत्रक काढून तिच्या टेबलावर तळहाताने सरळ केलं आणि म्हणाला, "हे ज्यांनी लिहिलंय त्यांना भेटायचं होतं." पत्रक जंगलातल्या एका लहानशा तळ्याचं होतं. शेवटची बस कुठवर जाते, तिथून पायवाट किती चढते, जळवांसाठी काय करावं, जवळपास दुकान नाही, फोन लागत नाही, असं सगळं होतं त्यात. त्याचं बोट सगळ्यात खालच्या ओळीवर होतं. 'हौशी मासेमारीसाठी उत्तम. चंदेरी, दुभंगलेल्या शेपटीचे मासे विपुल.' "मीच लिहिलंय," ती म्हणाली. त्याला बरंच वाटल्यासारखं दिसलं. "मग सांगा बघू मी कुठे चुकलो. पहिल्या दिवशी वाटलं आमिष चुकलं. दुसऱ्या दिवशी वाटलं जागा चुकली. सगळ्या तळ्याला वळसा घालून झाला. बेडूक आहेत, चतुर आहेत, पाण्यावर पळणारे किडे आहेत. दोरी म्हणून हलली नाही." मग, जणू तिलाच वाईट वाटू नये म्हणून, तो म्हणाला, "पण बसायला फार छान आहे हो. ते तुम्ही लिहिलंच नाहीये."

"मासे आपलं पत्रक वाचत नसतील," पलीकडच्या टेबलावरून नकाशेवाला म्हणाला. वाटांचे नकाशे काढणारा हा सहकारी दिवसभर मान खाली घालून बसे आणि वर काढली की फक्त असलं काहीतरी बोलायला. ती हसली, तक्रारवालाही हसला. "अहो, मासे आहेत," ती म्हणाली. "मी स्वतः साफ केलेत. लहानपणी माझे बाबा दर रविवारी त्या तळ्यावरून मासा आणायचे. माझ्या हाताला खवले चिकटलेले असायचे सोमवारी शाळेत." "मग तेव्हा असतील," तो माणूस समजुतीने म्हणाला, पिशवी खांद्याला लावली आणि गेला. पत्रक टेबलावरच राहिलं. त्या पत्रकाची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात छापायला जायची होती, म्हणून तिने तळ्याजवळच्या वनचौकीला फोन लावला. शंका म्हणून नाही. नुसतं, पूर्वीसारखे मिळत नसतील तर 'विपुल' हा शब्द काढावा, इतकंच.

"मासे? कुठल्या तळ्याबद्दल बोलताय, ताई?" चौकीवाला म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. "तुम्ही पाणी बघितलंय का त्याचं? कोऱ्या चहासारखं आहे. कोण जाणे कधीपासूनचा पाला कुजतोय तळाशी. ओढा आत येत नाही, बाहेर जात नाही. मासा येणार कुठून, आणि आला तरी जगणार कसा? माझ्या आधी जो होता ना चौकीवर, त्याने हौसेने बोटभर पिल्लं आणून सोडली होती. सकाळी सगळी पोटं वर करून तरंगत होती." "म्हणजे आता नाहीत," ती म्हणाली. "आता नाहीत, आधी नाहीत, कधीच नव्हते." "मग आमच्या पत्रकात इतकी वर्षं छापून येतंय, तुम्ही कोणी बोलला का नाहीत?" चौकीवाला म्हणाला, "छापलंय म्हटल्यावर आम्ही काय बोलणार? वाटलं, वरच्यांनी काहीतरी विचार करूनच छापलं असेल. लोक येतात, गळ टाकून बसतात, गप्प बसून परत जातात. कोणाचं काही बिघडत नाही, ताई." तिने फोन ठेवला. फोनच्या वायरीला पडलेला पीळ ती बराच वेळ सोडवत बसली, मग पुन्हा पडू दिला.

आता सांगायचं तर हे पत्रक म्हणजे तिचं नोकरीतलं पहिलं काम होतं. तळ्यावर ती कधी गेली नव्हती. रस्ता, बस, जळवा हे सगळं तिने खात्याच्या नकाशावरून आणि फोनाफोनी करून गोळा केलं होतं. एक मासे तेवढे तिने कोणाला न विचारता लिहिले होते, कारण ती एकच गोष्ट तिला आतून ठाऊक होती. दुसऱ्या कोणी ती ओळ लिहिली असती तर दहा ठिकाणी खात्री करून घेतली असती. आपल्या घरच्या ताटातला मासा खरा की खोटा हे कोण कोणाला विचारतं? नवं पत्रक हातात आलं तेव्हा ती धावतच घरी गेली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांच्या बोटांना कायम काळं वंगण असे, म्हणून त्यांनी आधी साबणाने हात धुतले, मग भिंग घेऊन पत्रक अगदी वरपासून खालपर्यंत वाचलं. खालच्या ओळीवर भिंग फार वेळ थांबलं. "छपाई स्वच्छ आहे," ते म्हणाले. आईने ते पत्रक स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, आणि आई गेली तेव्हासुद्धा ते तिथेच होतं. तेव्हापासून एक रीत पडून गेली. कुठल्याही पत्रकाचं प्रूफ आधी बाबांच्या भिंगाखालून जाणार आणि मग छापखान्यात. बाबांनी बसच्या वेळा पकडल्या, गावांची चुकलेली नावं पकडली, एकदा तर नकाशेवाल्याने उलटी काढलेली उत्तर दिशा पकडली. "लिफ्टचा एक नट सैल राहिला तर माणूस मरतो," ते म्हणायचे. "तुमच्याकडे नुसती वाट चुकते. पण चुकतेच ना." आता त्यांचं हृदय थकलं होतं, पावलं सुजली होती, जिना उतरणं बंद झालं होतं. डॉक्टरांनी हातचं काही राखून न ठेवता सांगून टाकलं होतं, की आता दिवस जातील तसे जाऊ द्यायचे. भिंग मात्र सुटलं नव्हतं. आज संध्याकाळी हे प्रूफ त्यांच्या हातात द्यायचं, आणि त्यात तळ्यात मासे नाहीत असं लिहिलेलं असणार. आपल्याच मुलीने छापून आणलेलं.

"गाळून टाका की ती ओळ," नकाशेवाला म्हणाला. "आहेत म्हणू नका, नाहीत म्हणू नका." हे सोपं होतं. बाबांच्या नजरेला ती रिकामी जागा दिसली असती, पण तेही काही बोलले नसते. न बोलण्यात त्या घराचा हात कोणी धरला नसता. आणि पुन्हा कोणी भला माणूस आमिषाचा डबा घेऊन तिथे दोन दिवस बसला असता. तिने जुनी ओळ खोडली आणि लिहिलं, 'तळ्यात मासे नाहीत. मासेमारीचं साहित्य आणू नये.' वर, मोकळ्या जागेत, 'काठावर निवांत बसण्यासारखी जागा आहे,' असंही घातलं. त्या माणसाची तेवढी भरपाई. अक्षर जुळवणाऱ्याकडे कागद देताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला पत्रकाची एवढी काळजी नाही. आपल्याला राग आलेला आहे. मासे नव्हते तर बाबा दर रविवारी जात कुठे होते?

रविवारी पहाटेच बाबा निघत. गळाची काठी त्यांनी घेतली ती धाकटा गेल्यावर महिना उलटायच्या आत. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. त्याचं नाव तेव्हापासून घरात कोणी घेतलं नव्हतं, म्हणून इथेही इतक्यात घ्यायला नको. साधा ताप आला होता त्याला. साधा साधा म्हणता म्हणता तो आठवड्याच्या आत गेला, आणि दाराशी त्याचे छोटे बूट तसेच राहिले, एक सरळ, एक आडवा. अशा घरातून माणूस मासे मारायला जातो, हे तेव्हाही तिला कळलं नव्हतं. एकदा तिने हट्ट केला, मलाही न्या. बाबा म्हणाले, "तिथे गप्प बसावं लागतं, तुला नाही जमणार." ती तर तेव्हा दिवसचे दिवस गप्पच असे. बस सुटल्याचा आवाज आला की आई शेजारणीच्या बाजूच्या खिडक्या लावून घेई. मग मागच्या खोलीत जाऊन ट्रंकेतला धाकट्याचा लोकरीचा सदरा काढी, जमिनीवर बसे आणि उशी तोंडावर दाबून रडे. उशीतून येणारा तो आवाज रडण्यासारखा नसे, जड कपाट फरशीवरून ओढल्यासारखा असे. ही उंबऱ्यावर गणितं घेऊन बसलेली. आत जावं तर आईला आवडणार नाही, बाहेर जावं तर आईचं कोणी नाही. ऊन कलायला लागलं की आई उठे, सदरा घडी करून ठेवी, तोंड धुई, केस विंचरी, पावडर लावी, आणि दर वेळी तेच सांगे. "बाबांना काही बोलू नकोस हं. आठवडाभर अंधारात दोरावर लोंबकळतात बिचारे. एक दिवस मजेत जातो त्यांचा, तेवढा तरी जाऊ दे." आणि मग बाबा येत. बुटांना चिखल, चेहरा वाऱ्याने लाल झालेला, हातात ओल्या कागदात गुंडाळलेला मासा. आई तो हातात घेई, उलटा करून बघे आणि म्हणे, "आज चांगला मिळाला की. अगदी ताजा आहे."

कार्यालयातून सुटल्यावर ती नेहमीच्या रस्त्याने गेली नाही. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत मासळीचं दुकान होतं, तिथे जाऊन उभी राहिली. रविवारचा मासा बंद झाल्यापासून घरात मासा आला नव्हता; बाबांचे गुडघे गेले आणि तळं सुटलं, तेव्हा आईने 'आता पथ्य पाळू' म्हणून विषयच संपवला होता. बर्फावर ते ओळीने निजवलेले होते. चंदेरी, दुभंगलेल्या शेपटीचे. बोट लावलं तर तेच गार, तेच ताठ. मासा इतका कडक कसा, असं तिने एकदा विचारलं होतं, तर बाबा म्हणाले होते, तळ्याचं पाणी गार असतं. "हा कुठला?" तिने विचारलं. "समुद्राचा," मासळीवाला म्हणाला. "परवा धक्क्यावर उतरला, आज इथे." "गोड्या पाण्यात मिळतो का हा? एखाद्या तळ्यात वगैरे?" मासळीवाल्याने सुरी पुसली आणि तिच्याकडे नीट पाहिलं, थट्टा करतेय की काय म्हणून. "बाई, हा तळ्यात मिळायला लागला तर मी दुकान बंद करून शेतात होडी चालवीन," तो म्हणाला. त्याने पटकन एक उचलला, कल्ले उघडून दाखवले, बाहेर कितीही छान दिसला तरी डोळा पांढुरका झाला की समजायचं शिळा, हेही सांगितलं. डोळा पांढुरका. ती दुकानाच्या ओल्या फरशीवर उभी होती आणि तिला आईचे हात दिसले. माशाचा डोळा अंगठ्याने झाकून धरणारे. आई समुद्रकाठच्या गावची. तिचं अख्खं माहेर धक्क्यावर वाढलेलं; कुठला मासा कुठल्या पाण्यातला, कधीचा, हे तिला वासावरून कळत असणार. अगदी ताजा आहे.

आणि मग तो शिंपलाही आठवला. माशाचं पोट कापताना आतून नखाएवढा शिंपला निघाला होता, पांढरा, काठाला गुलाबी. तिने तो धुऊन कंपासपेटीत ठेवला आणि बाबांना दाखवायला निघाली, तर आईने मनगट धरलं. इतकं घट्ट की बोटं उमटली. "टाक ते. दाखवू नकोस." का, असं तिने विचारलं नव्हतं. त्या घरात कोणी का विचारत नसे. म्हणजे आईला पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं, की नवरा तळ्यावरचा म्हणून दुकानातला मासा आणतो. आणि तरी तिने ते पत्रक कपाटाला चिकटवलं. बाबांना तर ठाऊक होतंच. सगळ्या घरात ती ओळ खोटी आहे हे फक्त ती लिहिणारीलाच माहीत नव्हतं. ती चालायला लागली. रस्त्यावर दिवे लागत होते आणि डोक्यात एक घाणेरडा विचार आला, तो मागे सरेना. दुसरं घर. बसच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी एक घर, त्यात एक बाई, कदाचित एक मूलही, आणि येताना बसस्थानकावरून घेतलेला मासा. आईला हेच वाटलं असेल का? हेच वाटत असताना ती मासा तळत होती का, काटे काढून बाबांच्या ताटात ठेवत होती का? चिखल कुठेही मिळतो, चेहरा वाऱ्याने कुठेही लाल होतो. आपल्या घरातच अडकून पडलेल्या म्हाताऱ्या बापाबद्दल असं मनात यावं याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही विचार तिथेच राहिला. जिना चढताना तिने पिशवीतलं प्रूफ चाचपून पाहिलं. द्यावं की न द्यावं हा प्रश्न आता उरला नव्हता. तिला कळायला हवं होतं, आणि सांगणारा माणूस फार दिवस थांबणार नव्हता.

बाबा खिडकीशी खुर्चीत होते, पाय उशीवर. तिने चहा केला, गोळ्या दिल्या, पाय चेपले. नेहमीची कामं तिने नेहमीपेक्षा सावकाश केली. "आज काही आणलंस का?" त्यांनीच विचारलं. प्रूफ हातात घेऊन त्यांनी भिंग उचललं. खालच्या अंगणात पोरं खेळत होती, त्यांचा आरडाओरडा वरपर्यंत येत होता. भिंग वरच्या ओळीपासून निघालं. "बसची वेळ बदलली का? बरं. जळवांचं ठीक आहे." मग ते थांबलं. "हे बसायच्या जागेचं कोणी सांगितलं?" "एक माणूस जाऊन आला," ती म्हणाली. "मग नीट लिही ना. निवांत जागा म्हणजे काय? मावळतीच्या बाजूला सपाट खडक आहे, अर्धा पाण्यात गेलेला. तिथे बसायचं. उगवतीला बसलं तर जळवा सोडत नाहीत. आणि पायवाटेला दोन फाटे फुटतात, तिथे उजवीकडे वळायचं. डावीकडची वाट दिसते चांगली, पण दलदलीत नेते. मी पहिल्यांदा गुडघ्यापर्यंत गेलो होतो." ती ऐकत राहिली. पत्रकात नसलेलं, नकाशात नसलेलं, नुसतं तिथे जाऊन बसलेल्या माणसालाच ठाऊक असणारं. ते दुसरं घर, ती बाई, ते मूल, सगळं क्षणात कोसळलं आणि तिला इतकं हलकं वाटलं की रडू येईल अशी भीती वाटली. हा माणूस खरंच तळ्यावर जात होता. रविवारमागून रविवार, मासे नसलेल्या तळ्यावर.

भिंग शेवटच्या ओळीवर आलं. बाबांनी ती ओळ वाचली, परत वाचली. ते चिडले नाहीत, दचकले नाहीत. "चौकीवाल्याला विचारलंस?" "हो." "बरं केलंस. इतकी वर्षं चुकीचंच होतं ते." "तुम्ही कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपला आवाज चढेल, पण तो अगदी लहान निघाला. "तुझं पहिलं काम होतं. किती खूश होतीस तू. आणि तुझ्या आईसमोर काय सांगणार होतो?" मग त्यांनी नखाने ओळीचा दुसरा भाग दाखवला. "मासे नाहीत, हे असू दे. पण साहित्य आणू नये, हे काढ." "का?" "गळ आणू दे लोकांना. गळ असला हातात की कोणी विचारत नाही, एकटा का बसलाय म्हणून." ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. "बाबा, तुम्ही काय करायचात तिथे?"

त्यांनी भिंग मांडीवर ठेवलं. "टिल्लूला हाका मारायचो," ते म्हणाले. किती वर्षांनी ते नाव त्या खोलीत आलं. बाबा सांगत होते, तुकड्यातुकड्याने, मध्ये श्वास घेत. "घरात कशा मारणार? आई ऐकेल. एकदा कामावर मारली. एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होतो, खाली वर सगळा अंधार, म्हटलं इथे कोण ऐकतंय. मारली. तो आवाज सगळ्या मजल्यांवर गेला. चौथ्या मजल्यावरच्या बाईने जाळीतून वाकून विचारलं, कोण हवंय? काय सांगणार तिला? म्हटलं, हातोडी खाली पडली. मग ठरवलं, जिथे माणूस नाही अशी जागा हवी. खडकावर बसून मारायचो हाका. घसा बसेपर्यंत. पलीकडच्या झाडीतून परत यायची हाक, म्हणून बरं वाटायचं. मग तोंड धुवायचं आणि निघायचं. येताना मासा घ्यायचा, नाहीतर आई विचारेल काहीच कसं नाही मिळालं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "तिला कधी कळलं नाही, एवढं एक बरं झालं. काय सावरलं होतं गं तिने स्वतःला. एकदा रडली नाही माझ्यासमोर. ती एवढी उभी, आणि मी तिच्यापुढे कोसळायचं, हे काही बरं दिसलं नसतं. कळलं नाही ना तिला?"

आता तिच्या जिभेवर सगळं होतं. ट्रंक, लोकरीचा सदरा, तोंडावर दाबलेली उशी, झाकलेला माशाचा डोळा, शिंपला. एका घरात दोन माणसं, आणि दोघांनी एकमेकांना रविवार देऊन टाकला होता. याने तळ्यावर जाऊन, तिने मासा ताजा आहे असं म्हणून. दोघं एकदा, फक्त एकदा, समोरासमोर बसून रडली असती तर काय झालं असतं? तिला दोघांचाही भयंकर राग आला आणि दोघांची तितकीच माया आली. सांगावं का? सांगितलं तर हा माणूस उरलेले दिवस त्या बंद खिडक्यांकडे बघत काढेल. आईने अंगठ्याने जो डोळा आयुष्यभर झाकला, तो आपण आता उघडायचा? तिने त्यांचं सुजलेलं पाऊल हातात धरलं. "नाही बाबा," ती म्हणाली. "आईला नाही कळलं. कधीच नाही." त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, आणि खालच्या पोरांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

ते झोपले असं समजून ती उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि तू काय करायचीस गं? रविवारी?" हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. आईने नाही, बाबांनी नाही, तिने स्वतःसुद्धा नाही. ती उत्तर शोधायला लागली तर हाताला काहीच लागेना. उंबरा, गणितं, सोमवारी बोटांना चिकटलेले खवले. तिच्या वाट्याला रविवार आलाच नव्हता. ती आईची राखण करत होती आणि मासा यायची वाट बघत होती. "काही नाही," ती म्हणाली. "घरीच असायचे." बाबांनी हात पुढे केला, तो तिच्या डोक्यापर्यंत पोचेना, म्हणून तिनेच डोकं पुढे नेलं. "तू हाक मारायचीस त्याला संध्याकाळी," ते म्हणाले. "या खिडकीतून. माझ्या हाकेला तो दाद देत नसे, तुझी आली की पळत यायचा." तिला ते आठवत नव्हतं, आणि मग एकदम आठवलं. खिडकीच्या गजावर एक पाय, पोट कठड्यावर टेकलेलं, आणि नावाचं शेवटचं अक्षर लांबवत लांबवत मारलेली हाक. ते तिचं काम होतं. धाकटा गेला आणि ते काम संपलं, इतक्या गुपचूप की संपल्याचं कोणी तिला सांगितलंही नाही. "मार ना एकदा," बाबा म्हणाले. "माझा आवाज आता पोचत नाही."

"टिल्लू," ती म्हणाली. जिभेला ते नाव परकं लागलं. बाबा किंचित हसले. "एवढ्याने तो खेळातून येतो का? नेहमीसारखी मार." ती उठली. खिडकी अर्धी लावलेली होती ती तिने सताड उघडली. खाली पोरं पळत होती, कोणी कोणाला आउट म्हणत होतं, कोणी नाही म्हणत होतं. तिने कठड्याला पोट टेकलं. आपण पिकल्या केसांची बाई आहोत, शेजार आहे, लोक काय म्हणतील, असं सगळं क्षणभर मनात आलं. मग तिने छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली. शेवटचं अक्षर तिच्या ताब्यात राहिलं नाही. ते लांबत गेलं, फाटत गेलं, आणि त्याच्या मागोमाग लहानपणापासून आत अडकलेलं सगळं आलं. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. खालची पोरं खेळ थांबवून वर बघायला लागली. शेजारच्या खिडकीतून हाताला पीठ लागलेली शेजारीण घाईघाईने वाकली. बाबांच्या खोकल्याने घाबरून ती एरवीही अशीच वाकत असे.

"काय झालं हो? कोण हवंय?"

मागे खुर्चीत बाबा ऐकत होते. हातोडी पडली असं काहीतरी सांगता आलं असतं.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "धाकटा."